हुहाना आत्याची दोन सीटांची गाडी

हुहाना आत्याला बावन्नाव्या वर्षी वेगवान गाडी घ्यायची लहर आली आणि सल्ला विचारायला ती कुणाकडे यावी? माझ्याकडे! मी काहू, वय सतरा, अजून शाळेत. पण गेल्या सत्रात शाळेच्या वर्कशॉपमध्ये मी एका इंजिनाचा टायमिंग बेल्ट एकटीने बदलला होता, आणि तेव्हापासून न्यूझीलंडमधल्या आमच्या अख्ख्या ओपोटिकी गावात माझ्याइतकं गाड्यांतलं कुणालाच कळत नाही, असं माझं ठाम मत झालं होतं. आत्याचंही तसंच मत असल्याचं बघून मला ती आणखीनच आवडायला लागली.

"दोनच सीटा असलेली," आत्या म्हणाली. "छप्पर मागे पाडता येणारी. आणि पळणारी."

"दोनच का गं?"

"तिसरं माणूस बसू नये म्हणून."

हे ऐकून मी हसले, पण आत्या हसली नाही. ती आठवडाभर शाळेची बस चालवते आणि शनिवार-रविवारी घरची दहा सीटांची व्हॅन. आमचं नेटबॉल, आजीचा दवाखाना, कुणाची मयत, कुणाचं विमान. सगळ्यांचं एकच वाक्य, "आत्या, जाता जाता जरा सोडशील?" ती कुठेही जात नसली तरी! आता तिने जाहीर करून टाकलं होतं की, नवी गाडी दारात आली की व्हॅनची किल्ली आजीच्या घरी टांगायची. ज्याला गरज असेल त्याने चालवावी.

घरात भूकंप झाला.

शनिवारी नेटबॉलनंतर आजीकडे सगळे शिंपल्यांच्या पातेल्याभोवती बसले होते. तामाती काकाने मला परसात गाठलं. काका म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. शनिवारी सकाळी दहाच्या आत तो उठल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

"काहू, तू उद्या तिच्याबरोबर गाडी बघायला जातेयस ना? नुसतं म्हण, गंजलीय. बास. तुझं ती ऐकते."

"आणि गंजलेली नसली तर?"

"अगं, जुनी गाडी म्हणजे कुठे ना कुठे गंज असणारच की! थोडं वाढवून सांगायचं. नाहीतर तुम्हा पोरींना सामन्यांना कोण नेणार? मी?"

"का? तुला हात नाहीत?"

"हात आहेत. पाठ नाही."

"मी खोटं सांगणार नाही," मी म्हणाले आणि मान ताठ ठेवून आत गेले. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की सात शिंपले जास्त खाल्ले.

गाडी क्रेग नावाच्या माणसाकडे होती, समुद्राच्या बाजूला. जपानहून आलेली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, लालभडक. जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसवलेली, रुंद चाकं, इंजिनाला मागाहून लावलेला टर्बो, आणि सायलेन्सरचं तोंड एवढं मोठं की आत मांजर व्यायलं असतं. आत्याने छान झगा घातला होता. तिने गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि मला कळलं, आत्या गेली कामातून.

मी पण बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं.

"आत्ताच फिरवून आणली का?" मी क्रेगला विचारलं.

"हो, तुमच्यासाठी तयार ठेवली."

गार इंजिन सुरू होताना कुरकुरतं, धूर सोडतं. तापवून ठेवलं की शहाण्यासारखं वागतं. मी कान टवकारले.

"टर्बो लावल्याचा तपासणीचा पत्रा कुठेय?" बदल केलेल्या गाडीवर तो छोटा पत्रा ठोकलेला असतो. नसेल तर गाडी रस्त्यावर आणायलाच परवानगी नाही.

"ते काय, करून घेता येईल सहज."

"मग तुम्हीच का नाही करून घेतलं?"

"काहू!" आत्या ओरडली.

मी गाडीशेजारी जमिनीवर आडवी झाले. दाराखालचा लांब पट्टा, ज्याच्यावर अख्खी गाडी तोललेली असते, तो वरून गुळगुळीत रंगवलेला होता. जरा जास्तच गुळगुळीत. बोटाने टकटक केलं. पत्रा ठण्ण वाजतो. हा ढप्प वाजला. आतून गंजून गेलेलं, वर पुट्टी भरून रंग फासलेला.

आणि आता मला जे वाक्य बोलायचं होतं, ते तामाती काकाने शिकवलेलंच होतं!

"आत्या, ही गंजलीय."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "तामातीने पढवलं ना?"

"नाही गं! म्हणजे, हो, पण..."

"तूसुद्धा, काहू?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज नुसता दमलेला होता, रविवारी संध्याकाळी सगळ्यांना सोडून झाल्यावर असतो तसा. ती क्रेगकडे वळली. माझं न ऐकता ती त्याला हो म्हणणार, हे मला स्पष्ट दिसलं.

मी खिशातून, रंगाला चरा पडू नये म्हणून मोज्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि तिच्या हातात कोंबलं. "माझं ऐकू नकोस. कुणाचंच ऐकू नकोस. तूच बघ. लोखंड असेल तिथेच चिकटेल."

"या झग्यात?"

"या झग्यात."

आत्या गवतावर बसली, मग एका कुशीवर आडवी झाली. चुंबक दाराला लावलं. चिकटलं. खालच्या पट्ट्याला लावलं. पडलं. तिने उचलून जरा पुढे लावलं. पडलं. ती सरकत सरकत मागच्या चाकापर्यंत गेली, आणि प्रत्येक वेळी ते गवतात पडत राहिलं. क्रेग आकाशाकडे बघत होता. मग आत्याने अंगठा दाबला. रंगाचा पापुद्रा फुटला आणि तिचा अंगठा पेरापर्यंत आत गेला.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली.

उठून तिने झगा झटकला, क्रेगचा नीट निरोप घेतला, आणि व्हॅन घरच्या रस्त्याला लावली. माझ्यावरचा संशय गेला होता, ते मला कळत होतं. पण तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, की संपला विषय, आपल्या नशिबी दहाच सीटा.

आजीच्या दारात तामाती काका उभाच. "काय झालं?"

"गंजलेली निघाली," आत्या म्हणाली.

"शाब्बास काहू!" काका आनंदाने ओरडला. सगळे हसले. एकाने टाळ्याही वाजवल्या. आत्याने गुपचूप व्हॅनची किल्ली परत आपल्या खिशात टाकली.

त्या किल्लीकडे बघून माझं डोकंच फिरलं.

"टाळ्या कसल्या वाजवता?" मी म्हणाले. "ती गाडी वाईट होती. गाडी घेणं वाईट नाही. मी दुसरी शोधतेय, आणि मिळेपर्यंत शोधणार आहे. आणि काका, व्हॅन यापुढे मी चालवणार. माझं लायसन्स अजून मधल्या टप्प्याचं आहे, एकटीने चालवता येतं, पण माणसं बसवायची तर शेजारी पक्क्या लायसन्सवालं कुणीतरी लागतं. ते तू. शनिवारी सकाळी सातला. तिथे पाठ टेकायला सीट आहे."

काका आजीकडे बघायला लागला. आजी रिकामं शिंपलं चोखत म्हणाली, "सात म्हणजे सात हं, तामाती."

दुसरी गाडी घाटापलीकडच्या गिस्बर्नला सापडली, डोरीन नावाच्या निवृत्त नर्सबाईंकडे. रंग थंड झालेल्या चहासारखा, छपराला एक चीर, आणि बाकी सगळं कारखान्यातून निघालं तसंच. आत्याचं तोंड उतरलं.

"हिला कुणी काहीच केलेलं नाही?"

"तेच तर सोनं आहे! दुसऱ्याने अर्धवट केलेली गाडी घेतली की आधी त्याचं निस्तरावं लागतं."

यावेळी आत्या जुनी पँट घालून आली होती. मी सांगायच्या आत ती गाडीखाली होती. चुंबक सगळीकडे चिकटलं. सीटांमागे पाणी वाहून जायची भोकं असतात, तिथे पाला अडकला की गंज सुरू होतो. तीही तिने स्वतः बोट घालून बघितली. इंजिन गार होतं. किल्ली फिरवल्यावर ते जरासं खोकलं आणि मग शांत चालू लागलं.

"आता टर्बो कधी लावायचा?" आत्याने विचारलं.

"आधी टायर. हे दगड झालेत. मग ब्रेकचं तेल आणि पॅड, मग बेल्ट. मग वर्षभर नुसती चालव. वळणावर ही कुठे घाबरवते ते कळलं की स्प्रिंगांचं बघू. ताकद सगळ्यात शेवटी."

"आणि आवाज?"

"आवाज त्याच्याही नंतर."

"म्हातारी होईन मी तोवर."

"तोवर चालवायला शिकशील."

"ए शहाणे, मी तुझ्या जन्माआधीपासून बस चालवतेय!"

"बस, आत्या. बस!"

डोरीनबाई इतक्या हसल्या की त्यांनी किटली पुन्हा चढवली.

गाडी घेऊन परतताना टायर जुने म्हणून मी आत्याला सावकाश जायची ताकीद दिली. छप्पर पाडून ती पुढे, आणि व्हॅन घेऊन मी मागे. गाडीत दुसरं कुणी नसलं की मला एकटीने चालवता येतं. दुपार कोरडी, स्वच्छ होती. वायोएकाच्या घाटात रस्ता नदीच्या कडेकडेने वळत जातो. पहिल्या काही वळणांवर आत्या बसवालीसारखी चालवत होती, वळणाच्या कितीतरी आधी ब्रेकचे लाल दिवे. मग दिवे उशिरा लागायला लागले. मग एका लांब वळणावर ते लागलेच नाहीत. गाडी रस्त्याला धरून हळूच आत वळली आणि आत्याचे केस एका बाजूला उडाले.

माझी व्हॅन डुगडुगत मागे पडली. एका वळणानंतर ती दिसली, पुढच्या वळणानंतर नाही. आत्या सगळ्यांसाठी थांबते. आयुष्यभर थांबलीय. आता पुढे कुठेतरी कडेला गाडी लावून ती माझी वाट बघत असेल, म्हणून मी प्रत्येक मोकळ्या जागी बघत गेले.

ती कुठेच थांबली नव्हती.

मी एकटीच मोठ्याने "हुर्रे!" ओरडले, गिअर खाली घेतला आणि माझ्या वेगाने घाट उतरायला लागले.