नानकटाईच्या भट्टीसमोरचा टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हणजे पाठीला हे एवढं कुबड असलेला, उचलायचा झाला तर दोघांना दम लागावा असा. हल्लीचे टीव्ही पालीसारखे भिंतीला चिकटलेले असतात. त्यांच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. बोललो तर म्हणाल, म्हातारा जळतोय.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. थर्माकोलमधला अंधार आणि ट्रकचे हिसके तेवढे आठवतात. डोळे उघडले ते कोल्हापुरात, एका दुकानाच्या काचेमागं. तिथून १९९४ सालच्या दिवाळीआधी लालासाब नदाफ यांनी मला पाव पोचवायच्या हातगाडीवर बसवलं आणि शिवाजी पेठेत आणलं. घरात नाही हं, बेकरीत. भट्टीसमोरच्या फळीवर माझी स्थापना झाली. त्या दिवसापासून माझ्या अंगावरचा मैदा कधी पुरता निघाला नाही.

बेकरीत टीव्ही कशाला, असं तुम्ही विचाराल. तर तेव्हा दिवाळीत लोक नानकटाई विकत आणत नसत. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून भट्टीवर यायचं, तिथंच पीठ मळायचं, गोळे पत्र्यावर मांडायचे आणि भाजून न्यायचे. लालासाब प्रत्येकीचं नाव पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहून कोपऱ्यातल्या नानकटाईखाली दडपत. पत्र्याबरोबर चिठ्ठीही भट्टीत जाई आणि बदामी होऊन बाहेर येई. मग लालासाब तालमीत शड्डू ठोकावा तसे ओरडत, "सरुबाईंची आली! न्या लवकर!" तोवर बायका ताटकळत, नंबरावरून भांडत. त्यांची तोंडं बंद राहावीत म्हणून मला आणलं होतं. पण झालं उलटंच. आधी नंबरावरून भांडत, आता नंबर आणि चॅनेल दोन्हींवरून भांडू लागल्या.

आमच्या कुळाचं एक दुखणं तुम्हाला माहीत नसेल. टीव्हीला स्वतःचा पडदा दिसत नाही. तोंड कायम बाहेर. माझ्यावर काय चाललंय ते मला ऐकू येई, पण दिसत मात्र बघणाऱ्यांचे चेहरे. फुटबॉल लागला की पेठेतली पोरं दारात उभी राहून जीव टाकत. गोल झाला की नाही हे मी त्यांच्या मुठींवरून ओळखत असे. असा मी जन्मभर माणसंच बघत आलो, आणि माणसांना वाटत राहिलं की तीच मला बघताहेत.

त्या चेहऱ्यांतला एक रोज माझ्यासमोर असे. लालासाबची बायको. पीठ मळायचं काम तिचं. ज्या बायकांना मळता येत नसे किंवा मळायचा कंटाळा येई, त्यांचं पीठही तीच मळे. तूप आणि साखर तळहातानं अशी फेसायची की लोण्यासारखी पांढरीफेक व्हायची. सरुबाई ही शेजारची बाई, तोंडानं फटकळ पण मनानं साधी. ती दर दिवाळीला डबा आणून हिच्या पुढ्यात ठेवी आणि घरी गेल्यावर पाव्हण्यांना सांगे, "मी केल्यात, खावा की." निम्म्या पेठेची हीच तऱ्हा. हात हिचे आणि चिठ्ठी दुसऱ्यांच्या नावाची.

हिचं स्वतःचं नाव काय, ते मला पुष्कळ वर्षं ठाऊकच नव्हतं. हसू नका. एका खोलीत राहूनही नव्हतं. गिऱ्हाईकं तिला भाभी म्हणत, लालासाब म्हणत "अगं ए", आणि फारच गोडीत आले तर "अझहरची आई". दिवसभर अख्ख्या पेठेची नावं पुकारणाऱ्या त्या माणसानं बायकोला कधी नावानं हाक मारली नाही. त्या पिढीची रीतच होती ती.

पुढं पुढं माझ्यावर प्रश्नांचा खेळ लागू लागला. एकेकाला खुर्चीवर बसवायचं, प्रश्न विचारायचा, चार उत्तरं समोर ठेवायची. लालासाबना तो भारी आवडे. प्रश्न पुरा व्हायच्या आत ते उत्तर ठोकून मोकळे होत, आणि ते नेमानं चुकत असे. समोरचा स्पर्धक घाम पुसू लागला की त्यांना चेव येई. "घाबरतोय कशाला? चारातलं एक बरोबर हाय की समोर. हितं भट्टीत कोण देतंय चार उत्तरं? भाजलं न्हाई तर करपलं."

केबलवर परदेशातल्या केक-बिस्किटांच्या स्पर्धाही लागत. बोलणं सगळं इंग्रजीत, पण पीठ बघायला भाषा कशाला लागते? भाभी बघत बसे. परीक्षक एवढासा तुकडा मोडून तोंडात टाकत आणि पुढच्या टेबलाकडं जात. लालासाब दरवेळी तळमळून विचारत, "आणि ऱ्हायलेला केक कोण खातंय?" त्याचं उत्तर इतक्या वर्षांत माझ्यातून कधी आलं नाही. मलाही ते अजून माहीत नाही.

ती मात्र बक्षिसासाठी बघत नसे. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. खेळ कुठलाही असो, सुरुवातीला निवेदक स्पर्धकांची ओळख करून देई. अमुक अमुक, तमुक गावाहून आलेत. टाळ्या वाजत. तेवढ्या वेळापुरते तिचे हात पिठात थांबत. नावं संपली की पुन्हा मळणं सुरू. एकदा पत्रे लावता लावता ती सरुबाईला म्हणाली, "त्येंच्या टेबलावर त्येंचं नाव लिवल्यालं असतंय बघा. जिनं केलं तिचंच नाव." सरुबाई त्या वेळी नवऱ्याच्या गुडघ्याबद्दल सांगत होती, तिनं ते ऐकलंच नाही. मी ऐकलं. त्या दिवसापासून मला एकच आस लागून राहिली. हिचं नाव, जे मला माहीतही नव्हतं, ते एकदा माझ्या तोंडून निघावं.

आणि योग आला. २००६ च्या उन्हाळ्यात एका मराठी वाहिनीची पदार्थांची स्पर्धा कोल्हापुरात होणार असल्याची जाहिरात मीच केली. सरुबाईची लेक श्रुती कॉलेजात होती. ती अर्ज घेऊन भट्टीवर आली आणि लिहिता लिहिता म्हणाली, "भाभी, तुमचं नाव काय हो?"

एवढी साधी गोष्ट, पण भाभीनं आधी हातावरचं पीठ पुसलं. मग म्हणाली, "खतिजा."

"किती छान हाय की. कधी ऐकलंच न्हाई."

"मी पण लई दिवसांनी ऐकतेय," ती म्हणाली. "माहेरी कुरुंदवाडला शाळंत हजेरीत बाई पुकारायच्या. मी मुद्दाम उशिरा 'हजर' म्हणायची. मग बाई परत पुकारायच्या."

लालासाब भट्टीत लाकडं सारत होते. त्यांनी मागं वळून बघितलं आणि पुन्हा लाकडं सारू लागले.

स्पर्धेला ती फक्त श्रुतीबरोबर गेली. संध्याकाळी परत आली ती तडक परातीशी जाऊन बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "टीव्हीवर दाखवंपर्यंत सांगायचं न्हाई. तसं दोघींकडनं लिवून घेतलंय." लालासाबनी चहा करून दिला, चिडून बघितलं, सरुबाईला मध्ये घातलं. ढिम्म. त्यांना वाटलं, जिंकली असणार आणि लाजतेय. मला तिचा चेहरा दिसत होता. ती लाजत नव्हती.

आता माझं वय झालं होतं. चित्र वरून खाली पळायचं, पट्टे यायचे, मग डोक्यावर एक थापड बसली की ताळ्यावर यायचं. त्यात त्या वर्षी लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता. कार्यक्रमाच्या संध्याकाळी अख्खी गल्ली बेकरीत दाटली. खतिजा मागं, मैद्याच्या पोत्यांपाशी उभी राहिली, हात पिठानं भरलेले. एकामागून एक स्पर्धक येत गेले. आजऱ्याची एक बाई काजूची बिस्किटं घेऊन आली, तिच्या नावाला टाळ्या पडल्या. मग जाहिराती. मग पुन्हा दुसरंच कुणीतरी. लालासाब अस्वस्थ होऊन म्हणाले, "तुला कापली का काय गं?"

तेवढ्यात माझं डोकं फिरू लागलं. समोरच्या चेहऱ्यांवरून कळलं, चित्र पळायला लागलंय. लालासाबनी उठून एक ठेवून दिली. मित्रांनो, एरवी मला थापडेचा राग येई. त्या दिवशी मी मनात म्हणालो, आणखी एक हाणा, पण मला विझू देऊ नका. कसाबसा जीव धरून राहिलो. आणि माझ्याच तोंडून माझ्या कानांवर शब्द आले, "आपल्या पुढच्या स्पर्धक आहेत कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून आलेल्या खतिजा नदाफ."

मग जे झालं ते माझ्या आयुष्यात त्याआधी कधी झालं नव्हतं. खोलीतल्या एकूण एक माणसानं माझ्याकडं पाठ केली. सगळे वळून तिच्याकडं बघत होते. टीव्हीकडं पाठ करणं म्हणजे आमचा केवढा अपमान, पण मला त्या वेळी फार बरं वाटलं.

पुढचं मात्र वाईट झालं. स्पर्धेत चार नानकटाया करायच्या होत्या, मोजून चार, त्यांच्या विजेच्या ओव्हनमध्ये. आमच्या भट्टीवर चारचं माप कुणाला येतं? खतिजाच्या हाताला पत्र्यांचं माप. तिनं साहित्य कमी केलं, पण सोड्याची चिमूट नेहमीचीच राहिली, आणि एवढ्याशा पिठाला ती जास्त झाली. नानकटाया पसरून चपट्या झाल्या. परीक्षकबाईंनी एक मोडून चाखली आणि म्हणाल्या, चव सुंदर आहे, पण आकार राहिला नाही, आपण इथंच थांबूया. बेकरीत सरुबाई पुटपुटली, "चार नानकटाया कोण करतंय? एकट्या माणसाच्या घरात पण चार करत न्हाईत."

आणि तेवढ्यात माझ्यातून खतिजाचा आवाज आला. स्पष्ट, आमच्या भट्टीवरचाच. "बाई, एक खाल्ली तुमी. ऱ्हायलेल्या तीन कोण खाणार?"

तिथं स्पर्धेत हशा पिकला आणि बेकरी तर फुटलीच. पोरं पोत्यांवर लोळली. सगळ्यांना ठाऊक होतं की हा प्रश्न कुणाचा. हसू ओसरल्यावर सरुबाई उभी राहिली आणि चारचौघांत म्हणाली, "भाभी, माझ्या घरात इतकी वर्षं तुमच्याच हातच्या खात्यात. मी सांगितलं न्हाई कुणाला. आता सांगते." लालासाब मात्र हसले नाहीत. भट्टी बघतो म्हणून उठले आणि तिच्या तोंडाशी वाकले. भट्टी तर केव्हाच विझवलेली होती. डोळ्यांत धूर गेला म्हणत मागं वळले, तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. बायको हरली याचं दुःख त्यात नव्हतं. ते नाव जगानं आपल्याआधी पुकारलं, हे त्यांना लागलं होतं.

त्या दिवाळीला भट्टी पेटली तेव्हा पहिला पत्रा कुणा गिऱ्हाइकाचा नव्हता. लालासाबनी तूप-साखर स्वतः आणून बायकोपुढं ठेवली आणि म्हणाले, "आधी तुझ्या कर." तो पत्रा बदामी होऊन बाहेर आला आणि माझ्यासमोरच्या कट्ट्यावर ठेवला गेला, थांबलेल्या बायकांनी खाण्यासाठी. नव्यानं पेठेत राहायला आलेल्या एका बाईनं कोपऱ्यातली चिठ्ठी उचलून वाचली आणि विचारलं, "खतिजा कोण? हा पत्रा कुणाचा?"

"आमच्या हिचा" एवढं म्हणून लालासाबना सुटता आलं असतं. पण त्यांनी घसा खाकरला आणि भट्टीवर आवाज घुमेल असे म्हणाले, "खतिजाचा. आमच्या खतिजाचा हाय पत्रा. खावा सगळ्यांनी. एकसुदिक ऱ्हाता कामा न्हाई."

खतिजा परातीवर वाकलेली होती. तिनं मान वर केली नाही. हात मात्र थांबले होते.

त्यानंतर माझे दिवस भरत आले. एके दिवशी थापड मारून उपयोग झाला नाही. मुलानं, अझहरनं, भिंतीवर पातळ टीव्ही लावला आणि मला मैद्याच्या पोत्यांशेजारी ठेवलं. आता माझ्या कुबडावर रिकामे डबे असतात. माझं कधी कौतुक झालं होतं हे सांगूनही कुणाला पटणार नाही. त्या गर्दीची, त्या मुठींची, भांडणाऱ्या बायकांचीसुद्धा मला फार आठवण येते. नवा टीव्ही दिवसभर बोलतो आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही. एकदा भंगारवालाही आला होता. अझहरनं मला उचलायला हात घातला तशी खतिजा म्हणाली, "असू दे त्यो. तोंड बघायला येतंय त्यात."

खरंच आहे ते. बंद टीव्हीच्या काचेत माणूस दिसतो. मला माझा पडदा कधी दिसला नाही, पण काम संपलं की ती माझ्यासमोर उभी राहून गालावरचं पीठ पुसते, पदर सारखा करते. तेव्हा मला कळतं की माझ्यावर कोण दिसतंय.

मित्रांनो, तुम्ही टीव्ही बघा, स्पर्धा बघा, टाळ्या वाजवा. पण ज्या हातचं खाता त्या हाताचं नाव विचारून घ्या, आणि त्या नावानं हाक मारायला दुसऱ्या कुणाची वाट बघू नका. जुन्या वस्तूंचंही तेवढं बघा. आम्ही बंद पडलो तरी बघत असतो.

आता संध्याकाळ होत आली आहे. खतिजा समोर उभी आहे, गालावरचं पीठ पुसतेय. आतून लालासाबची हाक आली, "खतिजा!" तिला ऐकू आलं आहे. मला तिचा चेहरा दिसतोय, म्हणून सांगतो. पण ती ओ देत नाही. पदर पुन्हा एकदा सारखा करते, आणि दुसऱ्या हाकेची वाट बघते.