नखाने उघडणारा फोन

तळघरातल्या त्या बाजारात कुणाचा फोन उघडत नसला, की सगळे दुकानदार एकच सांगायचे, "ठिणगीकडे द्या."

जिन्याखाली दीड माणूस मावेल एवढं मामाचं दुकान. आतल्या बाजूला मामा मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेला, आणि बाहेरच्या फळीपाशी ठिणगी उभी. एका जागी बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. नववीत सरांनी बाकावर उभं केलं, तर ही उतरली ती सरळ फाटकाबाहेर, आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. आईने रडून पाहिलं, आजीने अबोला धरून पाहिला. शेवटी मामा म्हणाला, "दे माझ्याकडे. निदान दुकानात माश्या तरी बसणार नाहीत."

माश्या खरंच बसल्या नाहीत, पण दुसरंही एक झालं. हल्लीचे फोन म्हणजे चारी बाजूंनी डिंकाने चिकटवलेले डबे. ते विजेवर तापणाऱ्या पाट्यावर ठेवायचे, डिंक नरम झाला की कडेला पातळ पाती सरकवायची आणि फिरवत न्यायची. जरा घाई केली की काच तडकते, जरा उशीर केला की डिंक पुन्हा धरतो. मोठमोठ्या दुकानांतल्या पोरांच्या हातून काचा जायच्या. ठिणगीच्या हातून एकही नाही. जिला घरात कपबशी धड धरता येत नव्हती, तिच्या बोटांना तो डिंक कधी सुटणार हे बरोब्बर कळायचं. समोरचा किल्लीवाला म्हणायचा, "पोरीच्या जिभेवर विस्तव आहे, पण हातात लोणी."

ती वरवर "पुरे हं काका" म्हणायची. पण रात्री अंथरुणात पडल्यावर तेच वाक्य घोळवत बसायची. हे हात सोडले तर ती कोण? शाळा सोडलेली मुलगी, बस. अशा गल्लीला चार.

त्या दुपारी मामा वरच्या मजल्यावर डिस्प्ले आणायला गेला होता. एक नर्सबाई आल्या, पांढऱ्या गणवेशावर स्वेटर चढवलेला, डोळ्यांत अर्धी झोप.

"चालूच होत नाहीये गं. कालपर्यंत ठीक होता. संध्याकाळी ड्यूटी आहे माझी, त्याआधी मिळेल ना?"

"ठेवा. बघते."

"नवीन आहे बरं का. तो जाहिरातीतला..."

"सिस्टर, फोन फोनसारखाच असतो. ठेवा."

बाई जांभई देत समोर किल्लीवाल्याकडे कपाटाची किल्ली करून घ्यायला गेल्या.

ठिणगीने फोन हातात फिरवला. जाडसर, बोजड, पाठ प्लॅस्टिकची. वरच्या कडेला हेडफोनचं भोक! तिने तोंड वाकडं केलं. खालच्या कोपऱ्यात एक बारीकशी खाच होती. तीही तिला दिसली. तिच्या नजरेतून काय सुटतंय! माइकचं भोक असेल, असं मनाशी म्हणत तिने फोन पाट्यावर ठेवला.

थोड्या वेळाने पाती लावून पाहिली. सरकेना. हा कुठला डिंक वापरलाय मेल्यांनी? तिने गरमी वाढवली. तरी नाही. पाय थिरकायला लागला. आणखी वाढवली. मग पाती घुसली, पण डिंक सुटतो तशी मऊ नाही. काहीतरी कट्‌कन मोडलं, आणि पाठीची कड तिच्या डोळ्यांदेखत वर उचलली गेली. करपल्याचा वास पसरला.

"अगं अगं अगं!" नर्सबाई धावत आल्या. "हे काय करतेयस?"

"उघडतेय."

"भट्टीत घालून? अगं, ते नखानं उघडतं!"

बाईंनी फोन घेतला, चटका बसला तसा स्वेटरच्या बाहीत धरला, त्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं, आणि वाकडी झालेली पाठ टक्‌कन निघून आली. आत बॅटरी, नुसती ठेवलेली. डिंक नाही, पट्टी नाही.

किल्लीवाला मशीन बंद करून बघत होता. पहिल्यांदा त्याचं पोट हललं, मग खांदे, मग आवाज फुटला. "ठिणगे, आता नखं वाढव बाई, नखं!"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते ठिणगीला तेव्हा कळलं. "काका, तुमच्या किल्लीने उघडतंय का बघा तुमचं डोकं!" ती ओरडली. पण डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून तिने पाट्याचं बटण बंद करायला जरा जास्तच वेळ घेतला. खाच दिसली होती. तिला दिसली होती!

एवढ्यात मामा जिन्यावरून उतरला. आधी त्याचं नाक आलं, मग तो. "काय जळलं?" त्याने फोन पाहिला, आतली बॅटरी पाहिली आणि त्याचा चेहराच बदलला. बॅटरी चटकन काढून, हाताने चाचपून, त्याने ती पत्र्याच्या डब्यात टाकली. "अगं, बॅटरीसकट तापवलास? फुटली असती म्हणजे? सिस्टर, ही मी तुम्हाला परत देणार नाही. नवीन आणून देतो."

"दुसरी आहे माझ्याकडे," बाईंनी पर्समधून आणखी एक बॅटरी काढली. "तेवढ्यासाठीच तर घेतला हा. वॉर्डात चार्जरला एकच प्लग. त्यावरून आमच्यात ज्या मारामाऱ्या होतात ना! पण ही घालूनही चालू होत नाहीये."

मामाचं लक्ष निम्मंच होतं. तो फोन असा धरून उभा होता, जणू जुना वर्गमित्र अचानक रस्त्यात भेटलाय. झाकण लावायचा, काढायचा. वाकडं झालेलं होतं तरी पुन्हा लावायचा. "आलं बघ झाकण परत! मी म्हणत नव्हतो? शेवटी अक्कल आली लोकांना."

"कसली अक्कल?" ठिणगी उसळली. "नवीन काही सुचत नाही, म्हणून जुनंच धुऊन पुसून विकतायत. हे काय पुढे जाणं आहे? उद्या कंदील काढतील."

"मागे कसं? बॅटरी काढायची सोय काढून टाका, असं मागितलं होतं कुणी? तू मागितलंस? मी मागितलं? दोन वर्षांत बॅटरी मेली की फोन फेकायचा, ही प्रगती होय गं?"

"फेकायचा कशाला? माझ्याकडे आणायचा!"

मामा हसला. वाईट हेतूने नाही, पण हसला. "आता इथं एक खिळा मारतो. त्यावर बॅटऱ्या लटकवू. गिऱ्हाईक येईल, काढेल, घालेल, जाईल. तुझी झंझट नाही, माझी झंझट नाही."

"आणि मी काय करू? मीही त्या खिळ्याला लटकू?"

मामाच्या तोंडचं हसू ओसरलं. पण तोवर ती जिन्याच्या निम्म्यावर होती.

वर रस्त्यावर ऊन होतं. ती चालत सुटली, कुठे ते न ठरवता. बँकेवरून, बसच्या थांब्यावरून, वळून पुन्हा बँकेवरून. थांब्यावरच्या काचेत त्याच फोनची जाहिरात. एका लहान मुलीचा हात, इवलंसं नख आणि उघडणारं झाकण. खाली लिहिलं होतं, इतकं सोपं. ठिणगीला त्या काचेवर दगड घालावासा वाटला. तिने दगड शोधलाही. सापडला नाही, तसा तिला आणखीनच राग आला.

इतकं सोपं! एवढीशी पोर करेल ते. मग तिने जे उभं राहून, बोटं भाजून शिकलं होतं, ते कुठे गेलं? मास्तर सांगायचे ते कधी उपयोगाला येईल असं तिला वाटलं नव्हतं, म्हणून तर तिने ते सोडलं. आणि जे उपयोगाचं म्हणून धरलं, तेच आता लहान मुलीच्या नखावर आलं होतं.

तिसऱ्या फेरीला ती बँकेपाशी थांबली. एक गोष्ट मघापासून टोचत होती. दुसरी बॅटरी घालूनही तो चालू होत नव्हता. का? बॅटरी नाही, मग काय? तिने चालू लागायचा प्रयत्न केला. पाय उचलेना. हिला उपाशी ठेवा, रागवा, चालेल. पण समोर बिघाड आहे आणि तो काय आहे ते कळलेलं नाही, हे तिला सहन व्हायचं नाही. मामा आत्ता तो उघडून बसला असेल. तिला सोडून!

ती दोन दोन पायऱ्या उतरत खाली आली.

नर्सबाई किल्लीवाल्याच्या स्टुलावर भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. किल्लीवाल्याने तोंडावर बोट ठेवून तिला गप्प राहायची खूण केली. मामा मायक्रोस्कोपशी वाकला होता.

"काय सापडलं?" तिने विचारलं, कुणीही न बोलावता.

"ये. तूच बघ."

"सांग ना."

"सांगून काय कळणार आहे? डोळे लाव."

तिने डोळे लावले. आधी काहीच दिसेना, नुसती हलणारी पिवळी जाळी. "हे हलतंय का?"

"ते नाही, तुझा पाय हलतोय. सगळी फळी हलवतेयस."

तिने पाय दाबून धरला. चित्र हळूहळू थांबलं. बॅटरी जिथे टेकते तिथे सोनेरी खुंट्या होत्या, ओळीने. त्यांतल्या एकीभोवती हिरवट बुरशीसारखं काहीतरी साचलं होतं, आणि ती बाकीच्यांसारखी वर उभी नव्हती. आत दबली होती.

"हिरवं काय आहे?"

"ओल गेली असणार. पण पाण्यात पडलेला तर वाटत नाही."

ठिणगीने मान वर केली. तिची नजर झोपलेल्या नर्सबाईंच्या पर्सवर गेली. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात जंतुनाशकाची फवारणीची बाटली उभी होती.

"सिस्टर! ओ सिस्टर! फोनवर ते मारता का तुम्ही?"

बाई दचकून जाग्या झाल्या. "अं? मारणारच. दर पेशंटनंतर हात, फोन, सगळं."

"बघ!" ठिणगी मामाकडे वळली, आणि मघापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा खुलला. "बघ तुझी प्रगती! डिंक असता तर आत थेंब गेला नसता. नखाने उघडतं तिथून ओलही शिरते. मी म्हणत होते ना!"

मामाने डोकं खाजवलं. "हे खरं आहे बाई तुझं."

"मग? मागेच गेलेत ना?"

"डिंकवाल्या फोनमध्ये ओल गेलीच नसती. पण गेली असती, तर सिस्टरना उघडून पुसताही आलं नसतं."

"मला त्यातलं काही कळत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "मला फक्त तो संध्याकाळी वाजायला हवाय. वाद घालायचा तर चालू करून घाला."

मामाने बारीक चिमटा आणि स्पिरिटमध्ये बुडवलेला ब्रश उचलला. थोडा वेळ हातात धरला. मग तिच्यापुढे केला. "घे."

"मी? आतलं काम तुझं असतं."

"खुंटी केसाएवढी आहे. जोर दिलास तर मोडेल, नाही दिलास तर सुटणार नाही. असलं काम या बाजारात कुणाला जमतं, ते तुला माहीत आहे."

ती वाकली. चित्र पुन्हा नाचलं. दात आवळून तिने पाय फळीपासून लांब घेतला. ब्रशने हिरवं निघालं. चिमटा खुंटीच्या बाजूला लावला आणि ती थांबली. दाबून पाहिलं, सोडलं. पुन्हा दाबलं. बोटांना ते कळलं, डिंक सुटताना कळायचं तसंच. ही आत्ता येणार नाही... अजून नाही... आता. खुंटी टुणकन वर आली.

"तुला ठाऊक आहे का," मामा हळूच म्हणाला, "पहिला बंद फोन दुकानात आला ना, तेव्हा मी त्याला चारी बाजूंनी नख लावत होतो. झाकण कुठे आहे, तेच कळेना. नख मोडलं माझं. रक्त आलं. गिऱ्हाईक हसलं."

"मग?"

"मग काय? शिव्या घातल्या कंपनीला. वर जाऊन रस्त्यावर फिरून आलो."

ठिणगीने बॅटरी बसवली, बटण दाबून धरलं. फोन थरथरला आणि पडदा उजळला. नर्सबाईंनी तो तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच.

झाकण मात्र बसेना. एका कोपऱ्यात ओठ फुगल्यासारखं वर राही. ठिणगीने फळीच्या खणातून जाड रबरबँड काढला आणि फोनभोवती चढवला.

"तोवर असं वापरा. नवीन झाकण मागवते. माझ्याकडून."

"आणि फवारा?"

"फडक्यावर मारा, मग पुसा. सरळ मारलात तर पुन्हा माझ्याकडे याल."

"येईन की," बाई म्हणाल्या. "पण पाट्यावर नाही ना ठेवणार?" आणि जिना चढताना त्याच वाक्यावर एकट्याच हसल्या.

किल्लीवाल्याने मशीन पुन्हा सुरू केलं. मामा हातोडी आणि खिळा शोधायला लागला.

"तिथे नको मारू," ठिणगी म्हणाली, "डोक्याला लागेल लोकांच्या. आणि तो फोन मागासलेलाच आहे. एवढं चांगलं डिंकाचं तंत्र असताना कुणी भोकं ठेवतं का?"

"बरं."

"बरं काय? मान्य कर."

"अगं, चहा पिऊ दे."

ती पुन्हा मायक्रोस्कोपपाशी गेली. खाली आता मामाचा सकाळचा बोर्ड होता, कुणाच्यातरी मेलेल्या फोनचा. त्यावर इमारतींसारखे काळे, राखाडी, तांबूस ठोकळे, शेकड्याने, रस्ते सोडून उभे.

"मामा, हे काय आहे? काळं, मोठं?"

"कॉइल."

"काय करते?"

"चहा पिऊन सांगतो."

"आणि हे शेजारचं? हे एवढुसं? आणि याला पाय का नाहीत?"

मामा कप हातात धरून तसाच उभा राहिला.

"ए मामा. आधी सांग, मग पी."