वरच्या गावातलं माहेर

खालच्या गावात इस्पितळाच्या चादरी धुणारी एकच लाँड्री होती, आणि ती चालवणारी बाई वरच्या गावची माहेरवाशीण. एरवी हे कुणाच्या ध्यानातही नसायचं. पण त्या उन्हाळ्यात वरच्या गावाने तलावाचा दरवाजा बंद ठेवला, खाली येणारा कालवा कोरडा पडला, आणि त्या दरवाजाचं चाक फिरवणारा माणूस हिचा सख्खा भाऊ आहे हे सगळ्यांना एकदम आठवलं.

लाँड्रीतली मोठी यंत्रं गप्प होती. डाग पडलेल्या चादरींचे गठ्ठे छताला टेकले होते आणि वासाने कामाच्या बायका आत बसेनात. इस्पितळाने शस्त्रक्रिया पुढे ढकलायला सुरुवात केली होती. अशात पाणी समितीचे मास्तर आले. निम्मं पाणी खाली सोडा, असा कोर्टाचा निकाल होता. पण निकाल कागदावर आणि पाणी तलावात. मास्तर आढेवेढे न घेता म्हणाले, भावाकडे शब्द टाकून बघा, नाहीतर आता पोरं माझ्या हातात राहायची नाहीत.

"जाते," ती म्हणाली. "पण एकटी. माझ्या मागून कुणी येणार नाही, एवढं वचन द्या."

मास्तरांनी दिलं.

वरच्यांनी तुडुंब तलाव अडवून धरलाय, असं खाली जो तो छातीठोकपणे सांगायचा. तीही तेच धरून चालली होती. बसमधून उतरून तिने पाहिलं तर पाणी काठ सोडून केव्हाच आत सरकलं होतं. लहानपणी ती जिथे पोहायला शिकली तिथे आता भेगाळलेल्या चिखलावर कुत्री झोपली होती. घरी वहिनीने प्यायला पाणी दिलं ते अर्धा पेला, आणि देताना तिची नजर खाली होती.

"दोन्ही गावं एकमेकांना पाण्यात बघतात," वहिनी म्हणाली, "आणि मधल्या मध्ये माझा नवरा बुडतोय."

दादा तलावाच्या दरवाजाजवळच्या खोलीत होता, ती तिकडे गेली. बाहेर वरच्या गावचे दहा-बारा जण पहाऱ्याला बसले होते. त्यांचा म्होरक्या वीटभट्टीवाला. बहीण आहे म्हणून त्याने तिला आत सोडलं, पण दार लावू दिलं नाही. तिने दादाला चादरींचं सांगितलं, इस्पितळाचं सांगितलं. दादा टेबलावर बोट घासत ऐकत राहिला. तुमचं पाणी तुमचंच आहे, मला का कळत नाही, तो हळूच म्हणाला. पण चाक फिरवून मला याच गल्लीत झोपायचंय. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरडी. ती काही बोलणार, तोच बाहेर ट्रकचे आवाज आले.

खालच्या गावची पोरं होती. हातात पहारी, साखळ्या. पुढच्या ट्रकमध्ये मास्तरही दिसले, हात वर करून काहीतरी ओरडत. ते पोरांना आवरत होते की चेतवत होते, लांबून कळेना. भट्टीवाला दारात येऊन उभा राहिला. "बहिणीला पुढे धाडलं आणि मागून टोळी आणली," तो दादाला म्हणाला. "आणि तू तिला खुर्ची दिलीस."

दादाने तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"नाही."

तो आणखी क्षणभर पाहत राहिला. तेवढा क्षण तिला आयुष्यात कधी विसरता आला नाही. मग तो उठला आणि दरवाजावरच्या अरुंद पुलाकडे निघाला. ती त्याच्या मागोमाग गेली.

पोरं पुलाच्या तोंडाशी आली होती. ती चाकापुढे, खालच्या गावच्या त्या पोरांकडे तोंड करून उभी राहिली. तिने त्यांना सांगितलं, की दरवाजा तोडलात तर सगळा तलाव एका दिवसात रिकामा होईल, कालवा फुटून आपल्याच खालच्या वस्त्या वाहून जातील, आणि उद्यापासून दोन्ही गावं सारखीच तहानलेली राहतील. एकजण म्हणाला, माहेरचं मीठ बोलतंय. मागच्या गर्दीतून दगड आला. तो तिच्यासाठी होता की दादासाठी, देव जाणे. दादाच्या भुवईवर बसला आणि तो चाकाला धरून खाली बसला.

रक्त पाहून सगळे जागच्या जागी थांबले. तिने रुमाल त्याच्या कपाळावर दाबून धरला. पहार घेतलेल्या एका पोराने ती हळूच खाली ठेवली.

दादा उठला नाही. बसल्या बसल्याच म्हणाला, "एक माणूस वरचा, एक खालचा. दोघांनी या चाकाला हात लावायचा. मी एकटा पुन्हा लावणार नाही."

मास्तर ट्रकमधून उतरून आले. सगळ्यांची नजर भट्टीवाल्याकडे गेली. त्याने एक शिवी हासडली, बाह्या वर केल्या आणि पुलावर आला. दोघांनी मिळून चाक फिरवलं. दरवाजा वीतभर उचलला गेला. कोर्टाने सांगितलं होतं त्याहून कमी आणि काहीच नसण्यापेक्षा जास्त, एवढं पाणी कालव्यात उतरलं.

ती वीत मग उन्हाळाभर टिकली. दर आठवड्याला दोन्ही गावची माणसं त्या खोलीत बसून भांडत, पण बसून भांडत. लाँड्रीची निम्मी यंत्रं सुरू झाली. मास्तर माफी मागायला आले तेव्हा तिने त्यांना चहा दिला, पण 'असू दे' असं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

दादाच्या भुवईचे टाके सुकले. वहिनीच्या मनातली जखम मात्र सुकली नव्हती. नणंदेचा फोन आला की काही न बोलता ती तो नवऱ्याच्या हातात द्यायची. असे कितीतरी फोन गेले. मग एकदा दादा घरी नव्हता आणि वहिनीला बोलावंच लागलं.

"पोचतं का पाणी तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"पोचतं. थोडं."

"आमच्याकडेही थोडंच उरतं," वहिनी म्हणाली.

तिने फोन ठेवला नाही. नणंदेनेही नाही.