सोमवारची दोन मिनिटं

"आकडा कधी खोटं बोलत नाही," असं म्हणून मॅनेजरसाहेबांनी कागदावर सही केली. मनमोहनराव धैर्यवानांनी गंभीरपणे मान डोलावली. तो आकडा त्यांनी गिरणीच्या कँटीनमध्ये बसून, चहा निवेपर्यंतच्या वेळात तयार केला होता.

प्रश्न साधा होता. भोंगा वाजल्यापासून विणाई खात्यातले साचे, म्हणजे माग, किती वेळात एकसारखे चालू लागतात? रविवारच्या सुट्टीत यंत्रं गारठतात, वंगण घट्ट होतं, पट्टे आखडतात. म्हणून गणपत तेलवाला सोमवारी तासभर आधी येई, एकेका साच्याला तेल घाली, हाताने फिरवून मोकळा करी. हा तास खरोखर लागतो का, हे गिरणीला पाहायचं होतं. तेव्हा एका सोमवारी गणपतला 'भोंग्यालाच ये' असं बजावण्यात आलं आणि वेळ मोजण्यासाठी मनमोहनरावांच्या हाती विलायती स्टॉपवॉच देण्यात आलं. गिरगावातल्या त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनी झाली होती, पण इतकं चकचकीत हत्यार कोणाच्या हाती आलं नव्हतं. त्यांनी ते बायकोला, सुमतीबाईंना दाखवलं. चुलीवरचं अंडं किती वेळात उकडतं, तेही मोजून झालं.

भोंगा सातचा; त्या सोमवारी ते परळला पोहोचले तेव्हा सात पंचवीस झाले होते. आदल्या दुपारी घरी कोलंबीच्या भुजण्याचं भरपेट जेवण होतं आणि संध्याकाळी शिवाजी पार्कवर सभा. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, असं शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून ओरडताना त्यांचा घसा बसला, आणि सकाळी डोळा उघडला नाही. खात्यात शिरले तर साचे धडाडत होते. कधी सुरू झाले हे विचारायचं, म्हणजे आपण नव्हतो हे सांगायचं. दुपारच्या सुट्टीनंतर साचे पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्यांनी कँटीनमधूनच कानोसा घेत घड्याळ दाबलं. दोन मिनिटं. तीच सकाळच्या रकान्यात लिहिली.

आता सही झाली होती. सोमवारचा तास नको, म्हणजे तेलवालाही नको; पहिल्या तारखेपासून गणपतचं कायमचं काम सुटणार होतं. रोज फाटकावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी बदली.

संध्याकाळी तो फाटकाजवळच थांबलेला होता. पायजम्यावर तेलाचे डाग, हातात टोपी.

"धैर्यवानसाहेब, जरा बोलायचं होतं."

मनमोहनरावांचा हात खिशातल्या घड्याळावर गेला. चार दिवस घोकलेलं वाक्य त्यांनी जिभेवर आणलं.

"गणपत, त्या सोमवारी..."

"त्याच सोमवारचं, साहेब. तुम्हाला कळलंच असेल." गणपतने मागे वळून पाहिलं. "मी आलो होतो. सहालाच. मागच्या दारानं."

"तुला भोंग्याला ये म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं. पण साहेब घड्याळ घेऊन उभे राहणार, नि आमचे साचे खोकत बसणार? खात्याची अब्रू गेली असती. सगळे फिरवून ठेवले. भोंगा झाला नि लागले धावायला."

"किती वेळात?"

"म्हणजे काय? तुम्हीच मोजलंत की! दोन मिनिटं." गणपत कसनुसा हसला. "तुम्ही कुठं उभे होतात ते पण बघितलं नाही. मान वर करायची लाज वाटत होती. आता बायको म्हणते, साच्यांची एवढी अब्रू राखलीस ना, मग त्यांच्याकडंच जेवायला जा."

मनमोहनरावांनी घड्याळावरचा हात काढला. रुमालाने मान पुसली. आकडा खरा होता. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं.

"साहेब, परत एकदा मोजता येईल का? या खेपेला येत नाही. देवाशप्पथ घरी बसतो."

"परत का मोजायचं, ते मॅनेजरसाहेबांना सांगावं लागेल."

"काय सांगाल?"

यावर सांगण्यासारख्या दोन गोष्टी होत्या. मनमोहनरावांनी एकच सांगितली.

"की तू हुकूम मोडलास. मग बदलीचं कामसुद्धा जाईल."

गणपतने टोपीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"चुकलंच हं तुझं, गणपत."

"चुकलं, साहेब."

"असू दे. मी कोणाला बोलणार नाही."

गणपतने दोन्ही हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते. मनमोहनराव फाटकावर खडूने लिहिलेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेकडे पाहत राहिले. ती त्यांना पाठ होती.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी ते पावणेसातलाच खात्यात हजर होते. साचे एकसारखे चालू लागायला एकोणीस मिनिटं लागली. मोजणीचं काम संपलेलं असल्यामुळे ती कुठे लिहिली गेली नाहीत.