चौकोन की गोल

आमच्या ह्यांना नवी वस्तू कधी नवी म्हणून आवडलीच नाही. घरात काही आणलं की आधी ते खोलायचं, आत डोकावायचं, बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची आणि मग आपल्या पद्धतीने पुन्हा जोडायचं. मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करण्याच्या दुकानातच ह्यांचं आयुष्य गेलं. लग्नानंतर घेतलेलं पहिलं घड्याळ वेळ दाखवायच्या आधीच टेबलावर सुटं झालं होतं.

असाच एक टॉर्च होता, रस्त्यावरच्या ढिगातला, स्वस्तातला. पुढचं तोंड बाहेर ओढलं की झोत लांब जाणार, आत ढकललं की पसरणार. माझ्यासाठी आणला होता, कारण मी पॅसेजमध्ये सारखी धडपडायला लागले होते.

त्याआधी बरेच दिवस मी स्टुलाला, दाराच्या चौकटीला, बाजूने येणाऱ्या माणसांना धडकत होते आणि हे मला 'वेंधळी' म्हणत होते. लाडानेच. "आली बघा आमची वेंधळी, कपबश्या सांभाळा!" मीही हसायचे. मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काचबिंदू आहे. कडेची नजर गेली आहे, गेलेली परत येणार नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची. "बायकोला जरा आधी आणायला हवं होतं तुम्ही," असंही त्या सहज बोलून गेल्या. त्या दिवसापासून ह्यांनी मला वेंधळी म्हटलं नाही. घरातला एकच शब्द गेला, पण घर किती ओकंबोकं झालं म्हणून सांगू!

आणि हे लागले त्या टॉर्चच्या मागे.

"हे बघ, तीन बारके सेल आणि त्यांना धरायला प्लास्टिकचा सांगाडा. आणि एलईडी कशावर बसवलाय? नुसत्या पत्र्यावर! तापणार नाही तर काय करेल बिचारा?" सांगाडा गेला. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला एक जाडजूड सेल आला. तो आत खडखडू नये म्हणून त्याला पुठ्ठा गुंडाळला. नवा एलईडी तांब्याच्या चकतीवर सोल्डर केला. मागची स्प्रिंग करंट अडवते म्हणून तिच्या जोडीला तांब्याची तार दिली. प्लास्टिकच्या भिंगाच्या जागी काचेचं आलं. बटण दोनदा दाबलं की दिवा लुकलुकायचा, तोही उद्योग बंद केला. "माणसाला उजेड हवा, तमाशा नको," हे म्हणाले.

प्रत्येक सुधारणेनंतर परीक्षा. पडदे ओढायचे, मला खुर्चीवर बसवायचं आणि समोरच्या रिकाम्या भिंतीवर झोत टाकायचा. तोंड बाहेर असलं की भिंतीवर एलईडीचाच लहानसा चौकोन उमटायचा. आत असलं की मोठा गोल.

"चौकोन की गोल?"

मी सांगितलं की "शाब्बास!" जसं काही मी बालवाडीत आहे. "तुला चौकोन दिसतोय ना? मग घाबरायचं नाही. आपण उजेड वाढवत राहू." डॉक्टरीणबाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. पण ह्यांच्या धंद्यात दुरुस्त न होणारी वस्तूच नसते, फार तर तिचा सुटा भाग मिळत नाही.

चौकोन फिका होत गेला. मी बोलले नाही. मग एका सकाळी जाग आली आणि मी विचारलं, "अहो, अजून उजाडलं नाही का?"

"काय थट्टा करतेस? ऊन तुझ्या पायावर आलंय की."

पायांना खरंच ऊब लागत होती. मी हसले. थट्टाच होती म्हणाले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

सांगायला हवं होतं, कळतं मला. पण सांगितलं असतं तर ह्यांनी पक्कड खाली ठेवली असती, आणि तो 'वेंधळी' शब्द ह्यांना कायमचा खात राहिला असता. रोज पायऱ्या चढता चढताच "अगं, एक युक्ती सुचलीय" म्हणून ओरडणारा माणूस गप्प झालेला मला बघवला नसता. बघवला म्हणे! शब्द काही जुने सुटत नाहीत.

घर माझ्या हातांना पाठ होतं. परीक्षा तर त्याहून सोपी. टॉर्चच्या तोंडाच्या आत एक रबरी रिंग होती, कोरडी ठाक. बाहेर ओढताना ती कर्रर्र करायची. आत ढकललं की शेवटी टक् वाजायचं. कर्रर्र म्हणजे चौकोन, टक् म्हणजे गोल. लगेच उत्तर द्यायचं नाही, जरा डोळे बारीक करायचे, मान पुढे काढायची. मी नाटकात असते तर बक्षिसं मिळवली असती.

एका संध्याकाळी हे फार खुशीत आले. "आज त्याची शेवटची खोड काढली."

"कसली?"

"कळेल. बस."

पडदे ओढल्याचं ऐकू आलं. बटण वाजलं. मग काहीच नाही.

मी कान टवकारले. शेजारच्या घरात कोणी तरी खुर्ची सरकवली. बाकी सगळं शांत.

"सांग ना."

"थांबा हो, आज फारच प्रखर आहे."

"असणारच! सांग."

"चौकोन."

'शाब्बास' आलं नाही. "नाही, गोल," मी घाईने म्हणाले. "गोलच. जरा चौकोनी वाटला एवढंच."

"रिंगला ग्रीस लावलंय आज," हे म्हणाले. "फार करकरत होती ना. आता कसं, आवाजसुद्धा..."

वाक्य तिथेच थांबलं. पंखा कुठे घासतोय हे नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तो. त्याला बिघाड सापडायला किती वेळ लागणार?

"बरोबर," हे म्हणाले. "गोल." खरंच गोल होता की नाही, मला कधीच कळलं नाही.

पडदे उघडले गेले. हे पलंगावर बसल्याची कुरकुर ऐकू आली. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, भूक नाही. मला ह्यांच्याजवळ जाऊन बसायचं होतं, पण जाऊन म्हणणार काय होते? माझ्यासाठी केलेल्या कामानेच ह्यांना दगा दिला होता.

दुसऱ्या दिवशी हे पायऱ्यांवर ओरडले नाहीत. आत आले, पाणी प्यायले. हातांना स्पिरिटचा वास येत होता.

"परीक्षा घ्यायची का?" ह्यांनी विचारलं.

मी खुर्चीवर जाऊन बसले. पडदे. बटण. आणि मग कर्रर्र! आधी कधी नव्हती एवढी मोठी करकर. दुकानात बसून ह्यांनी ग्रीसचा कण न् कण पुसून काढला होता. जन्मभर लोकांच्या वस्तूंची करकर घालवणाऱ्या माणसाने माझ्यासाठी करकर परत बसवली होती.

"चौकोन," मी म्हणाले. आवाज फाटला माझा.

"शाब्बास," हे म्हणाले. ह्यांचाही.

मी हात पुढे केला. ह्यांनी टॉर्च हातात दिला. त्याचं तोंड चांगलंच तापलेलं होतं. म्हणजे दिवा पूर्ण जोरात लावला होता. नुसता आवाज केला असता तरी मला काय कळणार होतं? पण खोटं बोलायचं ठरवलं तरी ह्यांच्या हातून खोटं काम होत नाही.

"उजेड पुष्कळ आहे हो," मी म्हणाले.

"आहे ना?" ह्यांनी नाक ओढलं. टॉर्च माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "पुन्हा एकदा?"

"हं," मी म्हणाले, आणि डोळे बारीक केले.