थर्मासवरची अकरावी खूण

हिरवं फाटक. एक नळ. साखळीला बांधलेला स्टीलचा पेला.

लाल नेलपॉलिशची बाटली. निम्मी संपलेली, पण नखांना एकदाही न लावलेली.

रुस्ताकच्या टॅक्सीत मागच्या सीटवर तीन माणसं बसतात.

"रांगेतलं भांडं कोण नेतं काय?"

गुरुवारचं विमान.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझेच आहेत. मी एक जुना, पाच लिटरचा पाण्याचा थर्मास आहे. निळं अंग, पांढरं झाकण, पोटाखाली एक छोटी तोटी. तोटी आता गळते. माझी हकीकतही तशीच थेंबाथेंबाने येईल. जमिनीवर पडेल ते पुसून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. दोन प्लास्टिकच्या भिंती आणि त्यांच्यामध्ये घट्ट फेस, एवढाच माझा देह. बाहेरचं ऊन आत येऊ द्यायचं नाही, एवढं एकच काम मला शिकवलेलं होतं. मस्कतमध्ये रुवीच्या एका दुकानातून जहूरने मला घेतलं आणि वादी कबीरमधल्या आपल्या खोलीत आणलं. मग कपाटावर ठेवून दिलं. पिशवीसकट.

चार वर्षं मी तिथे होतो. जहूर गाड्यांचे सुटे भाग विकायचा. शनिवार, सोमवार, बुधवार या तीन दिवशी तो माल घेऊन रुस्ताकच्या गॅरेजांत जायचा, दीडशे किलोमीटर. तो बाटलीतलं पाणी प्यायचा. माझ्याकडे कधी हात गेला नाही. पिशवीवर धूळ बसली. आतून पाहिलं की सगळी खोली मळकी दिसायची.

२०१२च्या एप्रिलमध्ये पिशवी फाटली.

"एवढा चांगला थर्मास, नि वर कुजवत ठेवलाय!" ही खुदेजा. जहूरची बायको. दाभोळजवळच्या गावातून दोन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. बरोबर आठ वर्षांची उमामा. मला खाली उतरवताना उमामाच्या डोक्यावर धूळ पडली आणि ती तीनदा शिंकली. ते मला मिळालेलं पहिलं स्वागत.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी, जेवताना, खुदेजाने विषय काढला.

"उमामाला इथल्याच शाळेत घालूया. आम्ही इथंच राहतो."

जहूरने घास खाली ठेवला. "अगो, तीन दिवस मी रुस्ताकला. मागे पोरीला ताप आला तर तू काय करशील? दवाखाना खुयं, टॅक्सी खुयं, काय माहीत हाय तुला?"

"माहीत करून घेईन."

"ही दाभोळची जेटी नाय. उन्हात माणूस चक्कर येऊन पडतो."

"मग सावली बघून चालीन."

जहूर हसला, पण त्याला हसू आलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "जायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, सांगतो. तवर मला दाखव, तुझं तू काय करू शकतेस ते. नाय जमलं तर खलास, गुरुवारचं विमान नि पुढल्या वर्षी पुन्हा सुट्टीला."

म्हणजे, मित्रांनो, दोन महिन्यांत एक अनोळखी शहर पाठ करायचं होतं. नाहीतर बाप एकीकडे आणि लेक दुसरीकडे, हे आणखी किती वर्षं चालणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या सकाळी साडेसहाला खुदेजा मला घेऊन बाहेर पडली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या शहरात पुष्कळ घरांच्या भिंतीला बाहेरून पाण्याचा थंड कूलर लावलेला असतो. मशिदीबाहेरही असतो. कुणीही यावं, प्यावं, भरून न्यावं. विचारायचं नाही, कुणी विचारतही नाही. पहिल्या दिवशी खुदेजाला हे माहीत नव्हतं. हिरव्या फाटकापाशी ती थांबली आणि दार वाजवून परवानगी मागू लागली. आतून आलेली बाई आधी गोंधळली. मग तिने स्वतःच माझं झाकण उघडून मला भरलं आणि खुदेजाच्या हातावर दोन खजूरही ठेवले.

घरी येऊन खुदेजाने पेटीतून नेलपॉलिश काढलं. लग्नात कुणीतरी दिलेलं. नखांना लावलं तर वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, होत नाही, म्हणून बाटली तशीच राहिली होती. तिने माझ्या अंगावर एक छोटं फाटक काढलं आणि त्याखाली एक ठिपका.

"हे काय गो अम्मी?"

"हा पहिला कूलर. इथवर मी आली नि परत गेली. आता इथं मी चुकणार नाय. नि अब्बांना अजून बोलायचं नाय हां!"

ती माझी पहिली खूण.

मग रोज. एका कूलरपासून पुढच्या कूलरपर्यंत, जिथे पाणी मिळेल तिथवर. तिचा हिशेब साधा होता: पाणी आहे तिथे घर आहे, घर आहे तिथे माणूस आहे, माणूस आहे तिथे रस्ता विचारता येतो. तीन नळांची मशीद, जिच्यापासून दवाखाना दिसतो. शाळेच्या बसगाड्या वळतात तिथला कूलर. मत्राहच्या समुद्राकाठचा, ज्याचं पाणी जरा खारट लागतं असं उमामाचं म्हणणं होतं आणि खुदेजाचं नव्हतं. "समुद्र बघितलास म्हणून तुला खारट लागतं," ती म्हणायची. दहा खुणा झाल्या. माझ्या निळ्या अंगावर लाल मस्कत उमटलं.

उमामा वाटेत कुरकुरायची. इमारतीतली पोरं इंग्रजीत खेळायची, हिला ते येत नव्हतं. "ती भांडतात पण इंग्लिशमध्ये, अम्मी. मला भांडता पण येत नाय."

"भांडण आधी शीक. बाकीचं मागून येतं."

वरच्या मजल्यावर अनुसया राहायची. पुण्याची. तिचा नवरा इंजिनिअर होता आणि तिच्याकडे स्वतःची गाडी होती. मला घेऊन खुदेजा जिना उतरताना दिसली की ती म्हणायची, "खुदेजा, वेडी आहेस का तू? चल, मी सोडते ना एसीत."

"नको, ताई. मग हे म्हणतील, अनुसयाताईंनी फिरवलं."

"आणि ऊन लागून पडलीस तर काय म्हणतील?"

"तर काय म्हणणार? पडलेली असेन मी."

अनुसया हसत हसत वर जायची.

आता चूक.

चूक खुदेजाची होती, आणि ती चूक तिच्याच गावातली बाई करू शकते. तिच्या गावात मे महिन्यात टँकर यायचा. बायका आपापली भांडी रांगेत लावायच्या आणि घरी भाकऱ्या थापायला निघून जायच्या. कळशी उभी म्हणजे बाई उभी. दुसऱ्याच्या भांड्याला कुणी हात लावत नसे.

शेवटचा सोमवार होता. शेअर टॅक्सीने आम्ही डोंगर ओलांडून अल अमेरातला गेलो. तिथल्या कूलरला पाच-सहा बांधकाम कामगारांचे कॅन ओळीने ठेवलेले होते. शेजारीच एका घराची भिंत बांधायचं काम चाललं होतं. खुदेजाने मला ओळीत शेवटी ठेवलं आणि उमामाला घेऊन समोरच्या दुकानात सावलीला गेली.

मी ओळीत उभा राहिलो. पण तिथे ओळ नव्हतीच, मित्रांनो. ते नुसते ठेवलेले कॅन होते.

एक माणूस आला, एकामागून एक कॅन भरत गेला, मलाही भरलं, झाकण नीट आवळलं आणि सगळ्यांबरोबर पांढऱ्या पिकअपमध्ये चढवलं. त्याचं नाव गुलजार, हे मला वाटेत कळलं. त्यांचं भिंतीचं काम त्या दिवशी संपलं होतं. पिकअप सुटली. मागच्या फळीच्या फटीतून मला दुकानाचं दार दिसलं. त्यातून उमामा बाहेर येत होती. हातात लबनची, म्हणजे ताकाची, पिशवी.

मला ओरडता येत नाही.

यानंतरचं मी पाहिलेलं नाही. उमामाने ते पुढे इतक्यांदा सांगितलं की आता मला पाहिल्यासारखंच वाटतं. खुदेजा रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "रांगेतलं भांडं कोण नेतं काय?" दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती पुन्हा अमेरातला गेली आणि कूलर ज्या घराचा होता त्या घराचं दार तिने वाजवलं. या वेळी तिला दार वाजवायचं धैर्य पहिल्या खुणेने दिलं होतं. घरातल्या म्हाताऱ्या ओमानी बाईला तिने हाताने माझा आकार दाखवला. "अझ्रक," ती म्हणाली. निळा. दोन महिन्यांत तिने रंगांची अरबी नावं शिकली होती. म्हातारीने भिंत बांधणाऱ्यांना फोन लावला आणि तो खुदेजाच्या हातात दिला.

"हाँ बाजी, नीलावाला?" पलीकडून गुलजार. "हम समझे अपना है। रुस्ताक में है, बाज़ार के पास। जुम्मे को वापस ला दूँगा, इन्शाल्ला."

शुक्रवारी. विमान गुरुवारचं.

"अम्मी, उद्या अब्बा जाणारच हायत रुस्ताकला," उमामा म्हणाली. "त्यांना बोल, घेऊन येतील."

खुदेजाने मान हलवली. "त्यावर माझं सगळं मस्कत हाय. ते त्यांनीच आणून द्यायचं, नि मग मी त्यांनाच दाखवायचं? नाय. आपणच जायचं."

"रुस्ताकला? तिथं तर एक पण खूण नाय आपली!"

"म्हणूनच."

बुधवारी सकाळी जहूरची गाडी निघाल्यावर अर्ध्या तासाने त्या दोघी निघाल्या. आधी रुवी. मग विमानतळापुढचा घड्याळाचा मनोरा, जिथून लांबच्या नारिंगी-पांढऱ्या टॅक्स्या सुटतात. तिथे ओमानी चालकाने दोघींना पाहिलं, आणि मागच्या सीटवर बसलेल्या दोन पुरुषांना खाली उतरवलं. एक पुढे बसला. दुसरा मुकाट्याने मागच्या टॅक्सीकडे गेला. तिसऱ्या जागेवर एक आजी आली, मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन. त्या देशात परक्या बाईशेजारी परका पुरुष बसवत नाहीत. खुदेजा ज्याला घाबरून रात्रभर जागी होती, ते चालकाने दोन शब्दांत सोडवलं. बाकी रस्ता कोंबडीने उमामाच्या ओढणीवर चोच मारण्यात गेला.

मी तेव्हा रुस्ताकच्या बाजाराशेजारी एका अर्धवट भिंतीच्या सावलीत होतो. गुलजारच्या माणसांनी मला नीट वापरलं होतं, खोटं कशाला बोलू. "इसका पानी शाम तक ठंडा रहता है," असं एक जण म्हणाला होता. एवढी स्तुती मी आयुष्यात ऐकली नव्हती. तरी त्या दोन दिवसांत मला एक गोष्ट कळली. त्यांच्यापैकी कुणीही माझ्या खुणा वाचू शकत नव्हतं. एकाने तर अंगठ्याच्या नखाने मत्राहचा समुद्र खरवडायला सुरुवात केली होती.

मग ऊन आणि सावलीच्या रेघेवर चार पाय दिसले. दोन मोठ्या चपला, दोन छोट्या.

"तो बघ!" उमामा ओरडली. "तोच! समुद्र अर्धा गेलाय पण!"

खुदेजाने मला उचललं नाही. आधी खाली बसली, एकेका खुणेवर बोट फिरवलं, दहापर्यंत मोजलं. मग उठली. गुलजारने मला परत भरायला हात पुढे केला, तर म्हणाली, "नहीं भाई, मैं भरूँगी." बाजाराच्या तोंडाशी एक कूलर होता. तिथे तिने मला काठोकाठ भरलं.

त्यानंतर ती गॅरेजांची गल्ली विचारत विचारत गेली. जहूर एका शेडखाली पेटीवर बसून चहा पीत होता. समोर सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं.

"पाणी घ्या," खुदेजा म्हणाली.

जहूरचा चहा सांडला. "उमामाला काय झालं? बरी हाय ना?"

"बरी हाय. ही काय."

"कोणी आणलं तुम्हाला? अनुसयाताईंनी?"

"टॅक्सीने आलो. वादी कबीरहून रुवी, रुवीहून घड्याळाचा मनोरा, तिथून इथं."

"अब्बा, टॅक्सीत कोंबडी होती!"

जहूर पेटीवरून उठला. खुदेजाने मला त्याच्या पेटीवर ठेवलं आणि माझ्यावरचं शहर दाखवू लागली. हे फाटक. ही तीन नळांची मशीद, हिच्या उजव्या हाताला दवाखाना, रात्रीही उघडा असतो, मी विचारून आले. ही शाळा. बस सकाळी इथे थांबते. हा मत्राहचा समुद्र, अर्धा गेलेला. जहूर ऐकत राहिला. मध्येच म्हणाला, "या मशिदीपासून दवाखाना दिसतो?"

"दिसतो."

"अकरा वर्षं मी तिथंच नमाज पढतो. मी कधी बघितलाच नाय."

"तुम्ही खाली मान घालून चालता."

गॅरेजवाला हसला. जहूरने पेला भरून पाणी प्यायलं. मग दुसरा पेला. मग म्हणाला, "उद्या जा. व्हिसाचे कागद करून ऑगस्टात परत या. शाळेत मी जातो विचारायला. म्हणजे," तो थांबला, "आपण दोघं जाऊ. रस्ता तुला माहीत हाय."

खुदेजाने पिशवीतून नेलपॉलिश काढलं. तिथेच, गॅरेजच्या पेटीवर, तिने अकरावी खूण काढली. पेटी डुगडुगत होती म्हणून ठिपका जरा लांबट आला. आजही तो तसाच आहे.

ऑगस्टात त्या परत आल्या. विमानतळावर जहूर मला भरून घेऊन उभा होता.

आता सात वर्षं झाली आहेत. उमामा दहावीत आहे आणि इंग्रजीत उत्तम भांडते. माझी कड तुटली आहे, तोटी गळते. मध्यंतरी तीच, सगळं विसरल्यासारखी, म्हणाली, "अम्मी, हा घासून स्वच्छ करू का? किती डाग आहेत त्याच्यावर." खुदेजाने तिच्या हातातली घासणी काढून घेतली आणि मला गच्चीच्या कोपऱ्यातून उचलून खाली, इमारतीच्या दाराशी स्टुलावर ठेवलं. आता येणारे-जाणारे पितात. टपाल आणणारा माणूस, गाड्या धुणारे लोक, परवा एक नवी आलेली बाई, हातात पत्त्याचा कागद घेऊन.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल. घासायला घेण्याआधी त्याच्यावर काय लिहिलंय ते कुणाला तरी विचारा. आणि उन्हाळ्यात ते दाराबाहेर ठेवा. भरलेलं. तोटी माणसाच्या हाताला लागेल अशी. नव्या शहरात माणूस आधी पाणी शोधतो.

जहूरने मला विकत घेतलं, तेव्हा तो त्या खोलीत एकटा राहत होता. दुकानात त्याच फळीवर एका माणसापुरते लहान थर्मासही होते. तरी त्याने घेतला तो पाच लिटरचा.