धबधब्यावरची बारा मिनिटं

काउंटरवरच्या मुलीने आईला वजनकाट्यावर उभं केलं आणि टाळी वाजवली. "वा आजी, अडतीस! तुम्हाला तर पुढची सीट, पायलटच्या शेजारी. नशीबवान आहात." हेलिकॉप्टरमध्ये कोण कुठे बसणार हे वजनावर ठरतं. मला मागे, खिडकीशी बसवलं. शेजारी नवं लग्न झालेलं जोडपं होतं. दोघांचे टी-शर्ट सारखे होते आणि हसायला त्यांना कारण लागत नव्हतं. त्यांनी माझं काही घोडं मारलं नव्हतं, तरी मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडून घेतलं. कुणावर तरी चिडायलाच हवं होतं.

माझा धाकटा भाऊ या धबधब्याच्या दरीत हरवला, त्याला आज विसावा दिवस होता. एकोणतीस वर्षांचा, सहा फूट उंच, तरी घरात बारक्याच. दोन दिवस फोन लागेना तेव्हा आम्ही धावत आलो. अकरा दिवस शोधपथकाने दरीचा काठ पिंजून काढला आणि शेवटी पथकप्रमुखांनी आईपुढे हात जोडले. मग सहा दिवस दरीत ढग बसून राहिले. आम्ही लॉजच्या खोलीत बसून राहिलो. आईने एकच धोशा लावला होता, "मला एकदा वरून बघू दे."

"अगं, तिथे लोक मजा करायला जातात," मी म्हणाले.

"करू देत की. मी काय कुणाची मजा अडवणार आहे?"

शोध चालू असताना या सफरी बंद ठेवल्या होत्या. पंख्यांच्या घरघरीत कुणाची हाक बुडू नये म्हणून. त्यानंतर ढग. त्यामुळे त्या सगळ्या दिवसांतली ही पहिलीच फेरी होती.

"मंडळी, पट्टे घट्ट, फोन हातात, पोटं जागेवर!" कानावरच्या हेडफोनमधून पायलट म्हणाला. हे वाक्य तो रोज दहादा म्हणत असणार. जोडपं खळखळून हसलं. आम्ही उचललो गेलो.

माझ्या मांडीवर फोटो होता. बारक्याचा शेवटचा फोटो, ज्या दिवशी हरवला त्या सकाळी त्याने मला पाठवलेला. मागे धबधबा, पांढरा धूर झालेला, आणि पाण्याच्या मधोमध उभा असलेला तो प्रसिद्ध सुळका. एका काठावरून पाहिलं तर सुळका धबधब्याच्या उजवीकडे दिसतो, दुसऱ्या काठावरून डावीकडे. बारक्या कुठल्या काठाने गेला हे कुणालाच माहीत नव्हतं. फोटोत सुळका उजवीकडे होता, एवढ्यावरून पथकाने काठ ठरवला. दोन्ही काठ धुंडाळायला त्यांच्याकडे माणसं नव्हती.

फोटो पथकाला मी दिला होता. मी फोटो स्टुडिओत कामाला आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, लोकांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसणं. माझ्या हातून वाकडा फोटो बाहेर जात नाही, अशी माझी ख्याती आहे आणि ती मीच पसरवली आहे. आई म्हणते, "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा," आणि मी म्हणते, रिकामा तर रिकामा, पण फोटो बघ.

बारक्याचा फोन त्याने स्वतःचे काढलेले फोटो आरशातल्यासारखे उलटे पाठवायचा. आई लगेच तक्रार करायची, "हा कुणाचा मुलगा? माझ्या पोराचा तीळ उजव्या गालावर आहे." म्हणून गेली चार वर्षं त्याचा फोटो आला की मी आधी तो सरळ करते, मग बाकीचं. पथकाला मोठी प्रत हवी होती. मी सवयीप्रमाणे फोटो फिरवून सरळ केला, सुळक्याच्या खांद्यावर एक काळा ठिपका होता तो धूळ समजून पुसला, आणि जवळच्या दुकानातून जाड कागदावर छापून आणला. पथकप्रमुख म्हणाले होते, "इतका स्वच्छ फोटो आम्हाला कुणीच देत नाही." मला त्या दिवशीही, तसल्या दिवशीही, थोडं बरं वाटलं होतं.

हेलिकॉप्टर आधी आमच्या काठावरून गेलं. पथकाने लावलेल्या दोऱ्यांच्या खुणा अजून दिसत होत्या. सुळका धबधब्याच्या उजवीकडे, फोटोतल्यासारखाच. "हा बघा आपला दगडोबा," पायलट म्हणाला. "हजारो वर्षं उभा आहे, बसायला जागा मिळाली नाही बिचाऱ्याला." मग आम्ही पाण्यावरून पलीकडे वळलो. "आता गंमत बघा. दगडोबाच्या खांद्यावर एकुलतं एक झाड आहे. ते फक्त या बाजूने दिसतं. पलीकडून पाहणाऱ्यांना पत्ताच नाही!"

मी पाहिलं. सुळक्याच्या खांद्यावर एक लहानसं झाड होतं. इतक्या लांबून ते काळ्या ठिपक्याएवढं दिसत होतं.

मी फोन काढला आणि त्याने पाठवलेला मूळ फोटो उघडला. अठरा दिवसांत मी तो एकदाही उघडला नव्हता. सरळ केलेला होता ना माझ्याकडे. सुळका डावीकडे. खांद्यावर ठिपका. आणि मध्ये बारक्या, टोपी, काळा चष्मा, गालावरचा तीळ दिसू नये इतका लांब, दोन्ही हात पंखांसारखे पसरून उभा. दोन्ही हात! ज्याचे दोन्ही हात दिसतात त्याने स्वतःचा फोटो कसा काढला असेल? कुणा येणाऱ्याजाणाऱ्याने काढून दिला होता. तो सरळच होता. मी तो उलटा केला होता.

माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण शेजारची मुलगी म्हणाली, "बरं वाटत नाहीये का? पिशवी देऊ?"

तेवढ्यात हेडफोनमध्ये आईचा आवाज आला. "ते खाली नारिंगी काय आहे?"

"कुणाचा तरी तंबू असेल, आजी."

"तंबू नाही. बारक्याचं जॅकेट आहे ते. मी घेतलंय, मला नाही कळणार? जरा खाली घ्या ना."

"ठरलेल्या वाटेबाहेर नाही जाता येत, आजी."

"माझा मुलगा आहे हो तिथे."

हसणं थांबलं. पायलट वाट सोडून खाली आला आणि त्याने एक घिरटी घातली. कड्याच्या मध्यावर झुडपांनी झाकलेली एक कपार होती. तिच्या उघड्या टोकावर जॅकेट पूर्ण उघडून पसरलं होतं, बाह्या दोन्हीकडे ताणलेल्या, आणि चारी बाजूंना दगड ठेवलेले. दगड कुणीतरी एकेक करून ठेवले होते. शेजारी कुणी नव्हतं.

"बघितलंस?" आई मागे वळून ओरडली. तिचा चेहरा वीस दिवसांत पहिल्यांदा उजळला होता. "वाळत घातलंय! वाळत घालतोय म्हणजे धडधाकट आहे पोरगा!"

ते वाळत घातलेलं नव्हतं. ते वरून कुणाला तरी दिसावं म्हणून पसरलेलं होतं. या धबधब्यावरून दिवसाला दहा हेलिकॉप्टरं जातात हे त्याला माहीत होतं, आणि तो एक तरी येईल म्हणून वाट बघत बसला होता. मी आईला हे सांगितलं नाही. मान हलवली.

उतरलो तेव्हा पायलटने वरूनच खबर दिलेली होती. आम्हाला हेलिपॅडशेजारच्या खोलीत बसवलं. जोडपं जाता जाता आईच्या पाया पडलं. आई त्यांना म्हणाली, "सुखात राहा," आणि मला म्हणाली, "त्याला भूक लागली असेल, काहीतरी गरम मागवून ठेव." मी मागवलं. ते निवलं.

तीन तासांनी पथकप्रमुख आले. टोपी हातात होती. त्यांनी आईकडे न बघता सांगितलं की बारक्या कपारीत आत, झुडपांमागे सापडला. जाऊन आठएक दिवस झाले असावेत.

आईने हिशोब केला, तिला जमेल तसा. "म्हणजे तुम्ही शोधत होतात तेव्हा होता तो."

"होता, आई." तेही तिला आई म्हणाले.

"तुम्ही कुठे होतात?"

"बरोब्बर समोर. आम्हाला ती कपार दिसत नाही, झाडी आहे. त्याला आम्ही..." ते थांबले. "त्याने हाका मारल्या असतील. पाण्यापलीकडे ऐकू येत नाही."

"समोर का होतात?"

ते माझ्याकडे बघत नव्हते, हा त्यांचा चांगुलपणा. मी सांगितलं. फोटो, ठिपका, चार वर्षांची सवय, सगळं. सांगताना माझा आवाज गिऱ्हाइकाला प्रतींचा आकार समजावतात तसा स्पष्ट येत होता, आणि मला त्या आवाजाची किळस आली. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते.

"पाय मोडला होता का त्याचा?" मी प्रमुखांना विचारलं. मोडलेला असावा, असं मला फार वाटत होतं.

"नाही. खरचटलं होतं, बस. कपारीतून वर एक घळ जाते. अवघड आहे, पण त्याच्यासारख्याला जमली असती." त्यांनी टोपी हातात फिरवली. "पहिल्या चारपाच दिवसांत अंगात ताकद असताना निघाला असता, तर वर आला असता. का थांबला, कळत नाही."

त्यांना कळत होतं. मलाही कळलं. ते अकराही दिवस, सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत, समोरच्या काठावर पथकाचा कर्णा घेऊन मीच उभी होते. माणसाची हाक ते पाणी ओलांडत नाही, कर्ण्याची ओलांडते. घरच्या माणसाचा आवाज ओळखीचा असतो म्हणून तो माझ्याच हातात दिला होता, आणि काय बोलायचं तेही लिहून दिलं होतं. बारक्या, आहेस तिथेच थांब. हलू नकोस. आम्ही येतोय.

जन्मात कधी त्याने माझं ऐकलं नव्हतं.